थोरल्यांचा अभिप्राय

आपल्या कार्यालयात कागद हरवत नाही, असं गावसभेचे चिटणीस छातीठोकपणे सांगत. नुसतं सांगून थांबत नसत, समोरच्याला कागद मागायला लावत. "मागा, मागा! कुठलाही मागा! सहा वर्षांपूर्वीचा गटार दुरुस्तीचा अर्ज मागा!" समोरचा माणूस बिचारा जन्मदाखला न्यायला आलेला असे. पण त्याशिवाय सुटका नाही हे ओळखून तो गटाराचा अर्ज मागे, आणि चिटणीस मागे वळूनही न बघता कपाटात हात घालून नेमकी तीच फाईल बाहेर काढत. गारुड्याने टोपलीतून नाग काढावा तशी! मग दोघंही त्या फाईलकडे क्षणभर आदराने बघत, आणि जन्मदाखला उद्यावर जाई.

अशा माणसाला तपासणीची कसली भीती? उलट, सहा वर्षांत एकदाही तपासणी झाली नाही, हीच त्यांची खंत होती. शेवटी त्यांनी वरच्या कार्यालयाला पत्रच लिहिलं. "आमच्या कार्यालयाची कसून तपासणी व्हावी, ही नम्र विनंती." हे पत्र वरच्या कार्यालयात तिघांनी वाचलं आणि चौथ्याने उजेडापुढे धरून पाहिलं. स्वतःच्या पायाने चालत येणारं गिऱ्हाईक त्यांनाही नवीन होतं! शुक्रवारी अकरा वाजता तपासनीस येतील, असं उलट टपाली कळलं. सोबत भरून ठेवायचे बारा तक्ते होते.

सोमवारी सकाळी चिटणीस बाह्या सारून बसले. दहा तक्ते तर चहा निवायच्या आत झाले. अकराव्याशी पेन अडलं.

"तक्ता अकरा : परंपरागत प्रमुखांशी सल्लामसलत. ठराव क्रमांक, प्रमुखांचा अभिप्राय, सही, तारीख."

परंपरागत प्रमुख म्हणजे थोरले. निवडणुका, मतपेट्या, गावसभा हे सगळं यायच्या आधी गावाचा कारभार त्यांच्या घराण्याकडे होता. आता कारभार निवडून आलेल्यांकडे आणि थोरल्यांकडे नुसतं प्रमुखपण. वय अठ्ठ्याहत्तर. बाजारगल्लीच्या टोकाला त्यांचं घर. तिथे ओट्यावर बसून ते दिवसभर छत्र्या दुरुस्त करत. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण त्यांना नमस्कार करी. गावसभेत मात्र त्यांचं काय काम, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

चिटणिसांनी कायद्याचं पुस्तक काढलं. त्यात लख्ख छापलेलं होतं : 'सभेच्या प्रत्येक ठरावावर परंपरागत प्रमुखांचा अभिप्राय घ्यावा. अभिप्राय बंधनकारक नाही. मात्र तो घेतला नसल्यास ठराव रद्द समजावा.' खाली बारीक अक्षरात एक टीप होती. 'उशिरा घेतलेला अभिप्राय, प्रमुखांची तक्रार नसल्यास, चालेल.'

कायदा बारा वर्षांपूर्वीचा. त्यानंतरचे ठराव एकशे त्रेचाळीस. घेतलेले अभिप्राय शून्य!

बोट फिरवत चिटणीस यादी चाळू लागले. रस्ते गेले, गटारं गेली, बाजारातली छपरं गेली. एकशे दोनवर बोट थांबलं. 'चिटणीस पदावरील हंगामी इसमास कायम करणे.' हंगामी इसम म्हणजे ते स्वतः!

दुपारी घरी जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

"म्हणजे विचारायचं, पण ऐकायचं नाही, असा कायदा आहे?" ती म्हणाली.

"ऐकलंच पाहिजे असं नाही."

"अगंबाई! म्हणजे आपल्या घरात माझं जे आहे तेच की!"

"चेष्टा नको. एकशे दोन रद्द झाला तर मी चिटणीसच नाही. पाच वर्षं नव्हतोच!"

"मग मी पाच वर्षं जेवायला कुणाला वाढत होते?" बायकोने त्यांच्या पानात आमटी वाढली. "इतकं काय त्यात? जा आणि विचारा. म्हातारा माणूस आहे, खाणार थोडाच?"

चिटणिसांनी मनाशी हिशेब मांडला. एकशे त्रेचाळीस सह्या, एका सहीला दोन सेकंद, मध्ये एक चहा. अर्ध्या तासात काम फत्ते! यादी, तक्ते आणि दोन पेनं घेऊन ते ओट्यावर हजर झाले.

थोरले एका काळ्या छत्रीच्या काड्या सरळ करत होते. चिटणिसांनी विषय काढला. उगीच फुगवून, नाजूक करून, मधे चार वेळा 'औपचारिकता' म्हणून. थोरल्यांनी छत्री बाजूला ठेवली, चष्मा पुसला, यादी हातात घेतली.

"बारा वर्षांत पहिल्यांदाच विचारतंय कुणी," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. उलट चेहरा असा काही उजळला होता, की चिटणिसांनी घाईने पेन पुढे केलं.

"इथे सही केलीत की झालं, थोरले."

"सही कशी करू? अभिप्राय म्हणतोय हा कागद. पहिला ठराव काय आहे?"

"बसथांब्यावर बाक बसवणे. बसवलाय. बारा वर्षं झाली."

"चल, बघून येऊ."

"कुठे?"

"बाकाजवळ. बघितल्याशिवाय अभिप्राय द्यायला मी काय ज्योतिषी आहे?"

आणि पायांत चपला अडकवून थोरले निघालेसुद्धा! बाकापाशी जाऊन ते बाकावर बसले. समोर भिंत. बस यायची ती मागून. बाकावर बारा वर्षं बसून गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांच्या माना वाकड्या झाल्या होत्या, आणि सगळे हवेला दोष देत होते!

"लिही," थोरले म्हणाले. "बाक चांगला आहे. तोंड उलटं आहे. फिरवावा."

समोरच्या सलूनमधला न्हावी हे ऐकत होता. तो वस्तरा ठेवून आला, दोन गिऱ्हाइकं अर्धवट दाढीनिशी आली, आणि चौघांनी मिळून बाक तिथल्या तिथे फिरवला. एक म्हातारी त्यावर टेकली, तिने समोर बघितलं, आणि "अय्या, रस्ता!" म्हणाली.

सगळे खूश. चिटणीस सोडून. कारण संध्याकाळपर्यंत झाले चार ठराव! या वेगाने लागणार होते छत्तीस दिवस, आणि हातात होते चार!

मंगळवारी त्यांनी थोरल्यांच्या हातापाया पडून वेग वाढवून घेतला. लांबचे ठराव चालता चालता, जवळचे जागेवर. थोरले पुढे, चिटणीस घामाघूम होऊन मागे, आणि त्यांच्या मागे बघे. बघे तरी किती? सकाळी पाच होते, दुपारी तीस झाले! प्रत्येकाला काहीतरी सांगायचं होतं. एकोणतिसावा ठराव नव्या नाल्याचा. थोरले काठावर उभे राहिले.

"हे पाणी कुठून कुठे जायचंय?"

"बाजारातून शाळेमागच्या खड्ड्याकडे."

"शाळा तर चढावर आहे. पाणी चढ चढतं, असं सभेत कोण म्हणालं?"

चिटणिसांनी फाईल पाहिली. कुणीच म्हणालं नव्हतं. सगळ्यांनी नुसते हात वर केले होते.

"लिही. पाण्यालाही विचारायला हवं होतं."

बुधवार संध्याकाळपर्यंत नव्वद झाले. थोरले ताजेतवाने, चिटणिसांच्या टाचांना फोड. पण मन मात्र हलकं झालेलं! तक्रारीचं नाव नाही, म्हातारा खूश, अजून त्रेपन्न फक्त. कार्यालयात येऊन ते आपल्या खुर्चीत रेलले आणि उद्याचा पहिला ठराव कोणता ते बघायला यादी उघडली.

'ठराव एक्याण्णव : सभागृहातील एक जुनी, जड, विनावापर खुर्ची निकामी ठरवणे.'

हा त्यांनी स्वतः मांडलेला पहिला ठराव! हंगामी असताना, कामाची चुणूक दाखवायला. सभागृहात सगळ्या खुर्च्या सारख्या हव्यात म्हणून कोपऱ्यातली ती अवजड, उंच पाठीची, रुंद हातांची लाकडी खुर्ची त्यांनी बाद करवली होती. निकामी ठरवून मग ती फेकवेना म्हणून आपल्या खोलीत आणली होती. पाठीला फार सोयीची! त्या क्षणीसुद्धा ते तिच्यातच रेललेले होते.

तेवढ्यात अध्यक्षबाई आत आल्या. या निवडून आलेल्या अध्यक्षा, शाळेतल्या पूर्वीच्या कवायतबाई. सभेत गोंधळ झाला की अजूनही शिट्टी फुंकत.

"अध्यक्षबाई, ही खुर्ची पूर्वी कुणाची होती हो?"

"कुणाची म्हणजे? थोरल्यांची! त्यांच्या आजोबांपासूनची. कधीमधी सभेला आले की ते तिच्यावर बसत, कोपऱ्यात, गप्प. मी निवडून यायच्या आधीची गोष्ट. मग एक दिवस आले तर खुर्चीच नाही. उभे राहिले थोडा वेळ आणि गेले घरी. तेव्हापासून नाही आले." आणि मग अध्यक्षबाईंचे डोळे हळूहळू खाली, खुर्चीच्या हातांकडे गेले. "चिटणीस! अहो, तुम्ही बसलाय कशावर?"

चिटणीस तापल्या तव्यावर बसल्यासारखे उठले. "मला कुणी सांगितलं नाही!"

"तुम्ही कुणाला विचारलंत?"

अध्यक्षबाई गेल्या, चिटणीस भिंतीला टेकून उभे राहिले. चित्र स्वच्छ होतं. उद्या थोरले म्हणणार, 'चल, खुर्ची बघू.' खुर्ची सापडणार चिटणिसांच्या टेबलामागे, बसून बसून गुळगुळीत झालेली. थोरले तक्रार करणार. तक्रार झाली की टीप गेली, टीप गेली की एकशे दोन गेला, आणि एकशे दोन गेला की चिटणीस गेले!

घरी बायकोने एकच विचारलं, "आता काय करणार?"

"पहाटेच खुर्ची सभागृहात नेऊन ठेवतो. तिथेच होती असं वाटेल."

"आणि खरं सांगणार नाही?"

"सांगेन की! तपासणी झाल्यावर."

बायको कूस बदलून झोपली.

सकाळी सहाला ते कार्यालयात पोचले. सभागृह बाजारगल्लीच्या पलीकडे, दोनशे पावलांवर. खुर्ची हातात धरवेना इतकी जड. म्हणून त्यांनी ती उलटी करून डोक्यावर घेतली. बसायची फळी टाळूवर, पाठ पाठीला आणि खुर्चीचे दोन्ही हात खांद्यांवर. उचलताना जमलं, पण चालायला लागल्यावर खुर्ची खाली सरकली आणि डोकं दोन हातांच्या मधे असं काही रुतलं, की वर बघता येईना, बाजूला बघता येईना. दिसत होते फक्त स्वतःचे बूट!

"कोण हो?" हा न्हाव्याचा आवाज. "चिटणीस? अहो, ही तर थोरल्यांची खुर्ची!"

"हो... म्हणजे..."

"थोरल्यांकडे नेताय? वा! वा वा! अहो शिंपीदादा, बाहेर या! चिटणीस थोरल्यांची खुर्ची डोक्यावर घेऊन निघालेत!"

"डोक्यावर?" शिंपीदादा सुई हातात घेऊनच बाहेर आले. "याला म्हणतात मान देणं!"

"अहो, मी सभागृहात..." चिटणीस खुर्चीच्या आतून ओरडले, पण लाकूड इतकं जाड, की बाहेर फक्त गुरगुर आली. लोकांना वाटलं, रडतायत. गल्ली हेलावली! कुणीतरी त्यांच्या कोपराला धरलं, कुणीतरी पाठीला, आणि सभागृहाचं वळण आलं तसं गेलं. बुटांभोवती आता पावलंच पावलं दिसत होती. चपला, बूट, एक अनवाणी जोडी. इतक्यात पुढे शिट्टी वाजली.

"बाजूला व्हा! सायकल बाजूला घ्या! खुर्चीला वाट द्या!" अध्यक्षबाई! बाक फिरवल्यापासून गावाला मिळून काम करायची जी चांगली सवय लागली होती, तिचा हा कळस होता. चिटणिसांनी डोळे मिटून घेतले. उघडे ठेवून तरी काय दिसणार होतं?

पायरी लागली. मिरवणूक थांबली. वरून तो ओळखीचा, शांत आवाज आला.

"चिटणीस, खुर्चीत बसायची ही कुठली पद्धत?"

हशा पिकला. चार हातांनी खुर्ची उपसून काढली. चिटणिसांचे कान लाल, केस उभे, कपाळावर फळीचा वळ. समोर थोरले, एक हात छत्रीवर. पाठीमागे अर्धं गाव, डोळे पुसत. आता नुसतं 'आपली ठेव आपल्याला' एवढं म्हटलं असतं तरी टाळ्या पडल्या असत्या! वाक्य जिभेवर आलंसुद्धा होतं.

पण थोरले खुर्चीच्या हातावरून बोटं फिरवत होते. शाळेतून परत आलेल्या पोराचं डोकं चाचपावं तशी.

"थोरले," चिटणीस म्हणाले, "मी ही मान द्यायला आणली नव्हती. लपवायला निघालो होतो. हिला निकामी मीच ठरवलं. आणि साडेपाच वर्षं हिच्यावर मीच बसलोय."

न्हाव्याचा आ वासलेला. अध्यक्षबाईंची शिट्टी तोंडातून निसटून दोरीवर लोंबकळली.

"साडेपाच वर्षं," थोरले म्हणाले. "आणि पाठ?"

"अं?"

"तुझी पाठ. दुखते?"

"नाही... मुळीच नाही."

"आजोबांचीही नाही दुखली. सुतार चांगला होता." थोरले खाली बसले, खुर्चीत नाही, ओट्यावरच. "आण तो कागद. एक्याण्णव ना? लिही. खुर्ची निकामी नाही. चिटणिसांनी साडेपाच वर्षं स्वतः बसून खात्री केली आहे."

चिटणिसांनी धावत जाऊन कार्यालयातून कागद आणला आणि लिहिलं.

"पुढचे सांग."

पुढचे दहा ठराव कसे झाले, ते चिटणिसांना आजही आठवत नाही. मग एकशे दोन आला. त्यांनी तो वाचला. वाचला म्हणजे पुटपुटला.

"मोठ्याने," थोरले म्हणाले.

"चिटणीस पदावरील हंगामी इसमास कायम करणे."

थोरल्यांनी चष्मा काढला. "हे बघ, तेव्हा मला विचारलं असतंस, तर मी नको म्हटलं असतं."

चिटणीस पायरीवर टेकले. "का?"

"तू तेव्हा माणूस समोर आला की त्याच्या अर्जाशी बोलायचास."

"आणि... आता?"

"आता अधूनमधून मान वर करतोस. मघाशी तर डोक्यावरून खुर्ची उतरल्या उतरल्या केलीस!" थोरल्यांच्या मिशा हलल्या. "लिही. तेव्हा विचारले असते तर नको म्हटले असते. उशिरा विचारले, बरे झाले. राहू द्यावा."

शेवटचे दोन शब्द लिहिताना कागद धूसर झाला. डोळ्यांत खुर्चीवरची धूळ गेली असावी.

शुक्रवारी अकराच्या ठोक्याला तपासनीस आले. शिडशिडीत, हसणं खात्यात जमा करून आल्यासारखे. सभागृहाच्या कोपऱ्यात थोरले आपल्या खुर्चीत बसले होते, भिंतीशी चिटणीस एका स्टुलावर. दहा तक्ते तपासनिसांनी भराभर उलटले. अकराव्याशी थांबले. एक पान वाचलं, दुसरं वाचलं, परत पहिलं वाचलं. मग चक्क स्वतःची खुर्ची पुढे ओढली, आणि दीड तास मान वर केली नाही! एकोणतिसाव्या ठरावाशी त्यांच्या तोंडून 'पाण्यालाही' एवढं ऐकू आलं आणि खांदे हलले. अखेर त्यांनी चष्मा पुसला.

"सगळ्या तारखा याच आठवड्यातल्या आहेत."

"विचारलं याच आठवड्यात," थोरले म्हणाले.

"मग कायद्याप्रमाणे मला विचारावं लागेल. आपली काही तक्रार?"

"आहे," थोरले म्हणाले.

स्टूल करकरलं. अध्यक्षबाईंचा हात शिट्टीकडे गेला.

"बारा वर्षं यांनी मला विचारलं नाही. पण दोनशे पावलं चालत येऊन 'का विचारत नाही' असं मीही विचारलं नाही. रुसून छत्र्या शिवत बसलो. तो उलटा बाक मला रोज दिसत होता. माझी तक्रार माझ्यावर आहे. घ्या लिहून."

तपासनीस तक्त्यात वर-खाली शोधत राहिले. "स्वतःवरच्या तक्रारीला इथे रकाना नाही."

"मग नाही म्हणून लिहा."

तपासनिसांनी लिहिलं. 'तक्रार नाही.' शिक्का आपटला. तो आवाज चिटणिसांना सनईसारखा गोड लागला.

तपासनिसांची गाडी नजरेआड झाली, तसे चिटणीस थोरल्यांसमोर जाऊन उभे राहिले. बोलायचं खूप होतं. सहा वर्षांत ज्या माणसाला हवा तो कागद सापडला होता, त्याला एक शब्द सापडेना! शेवटी त्यांनी वाकून थोरल्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या. थोरल्यांनी त्यांच्या खांद्याचा आधार घेतला आणि पायऱ्या उतरले. तेवढ्याने दोघांचं भागलं.

पण चिटणीसच ते! मनातलं कागदावर आल्याशिवाय त्यांना चैन पडेना. पुढच्या सभेत त्यांनी आभाराचा ठराव मांडला, क्रमांक एकशे चव्वेचाळीस. दोन दिवस खपून लिहिलेला, चांगला पानभर. आणि आता कायदा पाठ झाल्यामुळे, मतदानाआधी रीतसर थोरल्यांपुढे अभिप्रायासाठी ठेवला.

थोरल्यांनी खुर्चीत बसून तो शेवटपर्यंत वाचला, पेन मागितलं, आणि लिहिलं : "भावना पोचली. शेवटच्या तीन ओळी गाळाव्यात."

शेवटच्या तीन ओळी चिटणिसांच्या स्वतःच्या अथक परिश्रमांबद्दल होत्या.

अध्यक्षबाईंनी सभेला बजावून सांगितलं, की हा अभिप्राय मुळीच बंधनकारक नाही. सभेने तो एकमताने स्वीकारला.